पापणीकाकूंचा मस्कारा

नाटकमंडळीत त्यांना कुणी नावाने हाक मारीत नसे. सगळ्यांच्या त्या पापणीकाकू. इतर रंगभूषाकार आधी चेहऱ्याला लेप देतात, मग भुवया रेखतात आणि पापण्यांना सरतेशेवटी हात घालतात. काकूंचा क्रम उलटा होता. पापणीला ब्रश लागला की माणूस श्वास आवरून स्थिर बसतो, आणि स्थिर बसलेला चेहराच आपली ठेवण दाखवतो, असे त्यांचे मत होते. ते त्यांनी कुणाला पटवून दिले नव्हते. नुसते वर्षानुवर्षे आचरले होते.

रंगभूषेच्या खोलीत दोन आरसे, त्यांच्याभोवती दिव्यांची रांग, एक उंच खुर्ची आणि खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचा जाड काचेचा पेला. या पेल्यात सगळ्यांचे ब्रश बुडत. मस्कारा सुकू लागला की काकू त्याच पाण्याचे चार थेंब नळीत सोडीत आणि नळी पुन्हा चालती होई. ही रीत त्यांनी आपल्या आत्याकडून उचलली होती. आत्याही याच धंद्यात होती. रीतीला कुणी कारण विचारीत नाही. तिचे बळ त्यात असते, आणि तिची खोटही.

नाटकातील मुख्य भूमिका करणाऱ्या वयस्क अभिनेत्रीला सारे 'बाई' म्हणत. शेवटच्या अंकात बाई एक शब्दही न बोलता प्रेक्षकांसमोर उभ्या राहत आणि त्यांच्या डोळ्यांतून खरेखुरे पाणी वाहे. त्या अश्रूंनी काळे ओघळ पडू नयेत म्हणून पाण्याला दाद न देणारा मस्कारा लागे. जो पाण्याला दाद देत नाही तो साबणालाही देत नाही. प्रयोगानंतर तेलाने घासघासून तो काढावा लागे आणि कापसावर रंगाबरोबर पापण्यांचे केसही येत. हळूहळू डोळे लाल राहू लागले.

"डॉक्टर म्हणाले, हे घासणं थांबवा, नाहीतर नाटक थांबवा," बाई एकदा खुर्चीत बसता बसता म्हणाल्या. "मी म्हटलं, नाटक थांबवून घरी बसले तर आठवड्यात माझी सून तुमच्याकडे येईल, डोकं दुखतं म्हणून."

"हसू नका बाई, रंग हलतो," काकू म्हणाल्या. पण त्यांच्या मनाला बोचणी लागली. घासणारा हात त्यांचाच होता.

दुसऱ्या दिवशी त्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात गेल्या. तिथे प्रत्येक खोक्यावर एक हिरवे पान छापलेले.

"हा घ्या काकू, एकदम नॅचरल," विक्रेती म्हणाली.

"कशापासून केलाय?"

"निसर्गापासून!"

काकूंनी तो घरी आणला. त्यांची सून औषधांच्या दुकानात काम करी. तिने खोके उलटसुलट करून पाहिले. "आई, पान आहे, फूल आहे, फुलपाखरूसुद्धा आहे. आत काय आहे तेवढं नाही. आणि नैसर्गिक म्हणाल तर विंचवाचं विषही नैसर्गिकच असतं."

"मग घेऊ तरी कुठला?"

"जो आत काय आहे ते सगळं लिहितो तो. वास नको. फॉर्मॅल्डिहाइड सोडणारी जहाल टिकाऊ द्रव्यं नकोत. आणि कोमट पाण्याने निघाला पाहिजे. बाकी पानफूल शोभेला."

शोधता शोधता एका लहानशा उत्पादकाची धातूची नळी हाती लागली. वनस्पतीचे मेण, लोहापासून केलेला काळा रंग, मस्कारा टिकावा म्हणून सौम्य परिरक्षक. सारे बारीक पण वाचता येईल अशा अक्षरांत. नळी रिकामी झाली की तीच धुऊन भरून मिळे. काकूंना हे विशेष भावले, कारण मंडळीच्या कचऱ्यात प्लास्टिकच्या किती नळ्या जातात हे त्यांच्याइतके कुणी पाहिले नव्हते.

प्रश्न अश्रूंचा होता. दुसऱ्याच्या डोळ्यावर प्रयोग करणे काकूंच्या तत्त्वात बसत नसे. त्यांनी वरच्या आणि खालच्या पापण्यांना मस्कारा लावला आणि स्वयंपाकघरात कांदे चिरायला बसल्या. इतक्यात यजमान आले. ते घड्याळे दुरुस्त करीत. डोळ्याला लावायचे भिंग कपाळावर तसेच राहिले होते.

"काय झालं? कोण काय बोललं?"

"कांदा."

"कांद्यासाठी एवढा साज? माझ्यासाठी कधी केला नाहीस!"

"तुम्ही कधी रडवलंत कुठे? पुढे या आणि नीट बघा."

त्यांनी भिंग डोळ्यावर ओढले आणि घड्याळाच्या यंत्रात पाहावे तसे पाहिले. "वरची रांग शाबूत. खालची वाहून गेली. ओघळ आहे तो खालच्याचाच."

उत्तर सापडले होते: खालच्या पापण्या कोऱ्या ठेवायच्या. दिग्दर्शकाला ते रुचले नाही.

"काकू, अहो मागच्या रांगेला डोळा दिसणार कसा?"

"बाईंचा डोळा मागच्या रांगेला मस्काऱ्यामुळे दिसतो, असं बाईंना सांगू का?"

दिग्दर्शक दिवे तपासायला निघून गेला.

पुढचे प्रयोग सुरळीत गेले. कोमट पाण्याच्या कापसाने रंग सहज उतरे. लाली ओसरली, पापण्यांच्या कडेला नवे केस दिसू लागले. मग दिव्यांच्या उष्णतेने मस्कारा घट्ट झाला. काकूंच्या हाताने नेहमीचेच काम केले: पेल्यातले चार थेंब नळीत. त्यानंतरच्या एका सकाळी बाईंचा उजवा डोळा सुजून मिटला. प्रयोग दुसऱ्या अभिनेत्रीने निभावला.

"आगीतून फुफाट्यात घातलंत," दिग्दर्शक म्हणाला. "म्हणे सुरक्षित! जुनाच आणा आता. निदान त्याची खोड माहीत होती."

काकू संतापून घरी आल्या. "त्या उत्पादकाला कळव," त्यांनी सुनेला फर्मावले. "सगळं लिहून लोकांना फसवतात म्हणावं."

सुनेने नळी उघडली, वास घेतला आणि तोंड फिरवले. "आई, हा आंबलाय. यात पाणी कुणी घातलं?"

"मी. नेहमीच घालते."

"कुठलं पाणी?"

 कट्ट्यावरचा पेला काकूंच्या डोळ्यांसमोर आला.

"जुन्या मस्काऱ्यात इतकी जहाल द्रव्यं असायची की पेल्यातलं काहीही त्यात मरून जायचं," सून हळू आवाजात म्हणाली. "याच्यातलं परिरक्षक फक्त त्याच्यापुरतं आहे. आपल्या पेल्यापुरतं नाही."

त्या घटकेला गप्प राहणे अतिशय सोपे होते. दोष नव्या मस्काऱ्यावर बसून चुकला होता, उत्पादक दूर होता आणि काकूंच्या हातावर कुणाचा संशय नव्हता. पण असे मौन कुणाच्या तरी अंगाच्या किमतीवर मिळते, आणि येथे ते अंग बाईंचा डोळा होता. काकूंनी चप्पल घातली आणि बाईंचे घर गाठले.

बाई डोळ्यावर ओला कापूस धरून आरामखुर्चीत पडल्या होत्या. काकूंनी उभ्यानेच सारे सांगितले.

"म्हणजे मस्कारा निर्दोष, आणि माझी काकू दोषी."

"हो."

"बोलली नसतीस तर कुणाला कळलं असतं?"

"नसतं कळलं. पण मग तुम्ही पुन्हा जुन्याकडे वळला असता, आणि त्याने पापण्या जायच्या त्या गेल्याच असत्या."

बाईंनी कापूस उलटा केला. "बरं. आता जा. डोळा उघडला की बघू काय दिसतं ते."

ही क्षमा नव्हती; काकूंनीही ती तशी मानली नाही.

त्यांनी रंगभूषेच्या खोलीतला पेला कट्ट्यावरून उचलला. ज्याचा त्याचा ब्रश वेगळा झाला. सुकलेली नळी भरायला परत जाऊ लागली. आणि काकू रोज सकाळी नव्या नळीतला मस्कारा स्वतःच्या पापण्यांना लावून कामावर येऊ लागल्या.

"काकू, आज कुठे लग्नाला?" दिग्दर्शकाने टोमणा मारला.

"तुमच्याच," काकू म्हणाल्या. "मुलगी अजून हो म्हणत नाहीये."

डोळा बरा झाल्यावर बाई आल्या. खुर्चीत बसल्या आणि पर्समधून जुन्या, पाण्याला दाद न देणाऱ्या मस्काऱ्याची नळी काढून त्यांनी आरशापुढे ठेवली. काकूंनी तिच्याशेजारी धातूची न उघडलेली नळी ठेवली आणि हात मागे घेतला. निवड बाईंनी करायची होती.

बाईंनी आधी कट्ट्याकडे पाहिले. "पेला कुठे गेला?"

"घरी. त्यात ह्यांचे बारके स्क्रू असतात आता."

"इकडे वाक जरा." बाईंनी काकूंची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला, जसा काकूंनी आजवर त्यांचा वळवला होता. "डोळ्याला काय लावलंयस?"

"तोच."

"कधीपासून?"

"तुम्ही यायच्या बंद झालात तेव्हापासून."

बाई बराच वेळ त्या पापण्यांकडे निरखून पाहत राहिल्या. लाली नव्हती, सूज नव्हती. एके ठिकाणी रंगाची बारीक गुठळी तेवढी होती.

"स्वतःला लावताना हात कापतो तुझा," त्या म्हणाल्या. "मला लावताना कापू देऊ नकोस."

आणि खुर्चीच्या पाठीला डोके टेकवून त्यांनी दोन्ही डोळे मिटून घेतले.