गणपूर्तीची बाई

विद्यापीठात आमच्या ताईला पाठीमागे सगळे 'गणपूर्ती' म्हणतात. तोंडावर अर्थात मॅडम. नियमच तसा आहे. एक तरी कायम प्राध्यापिका हजर असल्याशिवाय कुठलीही समिती भरत नाही, आणि कायम प्राध्यापिका आख्ख्या विद्यापीठात एकच, समाजशास्त्र आणि स्त्री-अभ्यास विभागातली आमची ताई. बाकीच्या बायका कंत्राटी, त्या नियमात बसत नाहीत. त्यामुळे खुर्च्या खरेदी करायच्या असोत की गच्चीची गळती थांबवायची असो, ताईला बोलावणं आलंच.

आणि हा नियम आणला कुणी? ताईनंच! तरुणपणी कुलगुरूंच्या दारात ठाण मांडून बसली होती. नियम झाला त्या दिवशी घरभर नाचली. मी धाकटी, मीही तिच्यामागून नाचले. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय, हे तेव्हा दोघींनाही कळलं नाही.

तिचा जीव अडकला होता शहराबाहेरच्या धुलाई कारखान्यात. तिथं इस्पितळांच्या चादरी धुतात. पीएचडीच्या वेळी ती तिथल्या बायकांबरोबर वाफेत उभी राहायची. डाग पाहून त्या बायका माणूस वाचला की गेला, याचा अंदाज बांधायच्या आणि स्वतःचा खोकला मात्र मुकादमापासून लपवायच्या. निरोप घेताना ताई म्हणाली होती, "पुन्हा येते. पुढच्या खेपेला वर्षभर राहते, मग तुमच्यावर पुस्तक लिहिते." त्यासाठी तिला वर्षाची रजा हवी होती, बाकी काही नाही.

रजेचा अर्ज रजा समितीपुढे जातो. समितीत बाई हवी. बाई म्हणजे ताई. आणि स्वतःच्या अर्जावर स्वतःला बसता येत नाही. झालं! दर खेपेला गणपूर्तीअभावी विषय पुढे ढकलला जायचा. कुलसचिव तर हसून म्हणाले, "मॅडम, तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही." मी तिथं असते तर त्यांना चार शब्द सुनावले असते. ताई मात्र घरी येऊन चप्पलही न काढता पलंगावर पडून राहायची.

शेवटी विभागात दुसरी कायम जागा निघाली. उमेदवार ताईचीच विद्यार्थिनी, कंत्राटावर घासलेली, हुशार पोर. तिची निवड नक्की होती. ती आली की ताई सुटणार! ताईनं कपाटावरची बॅग खाली काढून पुसून ठेवली. इतक्या वर्षांत मी तिला गुणगुणताना पहिल्यांदा ऐकलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ती पोर घरी आली. चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाली, "मॅडम, खरं सांगा. ही जागा घेतली तर मला माझा अभ्यास करता येईल ना?"

मी दारातून ताईकडे डोळे वटारून पाहत होते. म्हण ना बाई, येईल की! एवढंच म्हणायचं होतं.

"नाही," ताई म्हणाली. "माझं झालं तेच तुझं होईल."

"मग तुम्ही उठून का नाही गेलात?"

"कशी जाऊ? तक्रार समितीत एखादी मुलगी रडत येते. समोर सगळे पुरुष बसलेले. त्यात मी नसले तर ती कुणाकडे बघून बोलेल, सांग बरं?"

पोरीनं कप खाली ठेवला. जाताना वाकून ताईचा हात धरला फक्त. मुलाखतीला ती गेलीच नाही. जागा रिकामी राहिली आणि पुढे रद्द झाली. मी ताईवर इतकी चिडले की दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. "एवढी हरिश्चंद्र व्हायची काय गरज होती?" असं मनात येऊन येऊन डोकं उठलं माझं.

महिन्याभरानं पोरीचा फोन आला. तिला एका संशोधन संस्थेत काम मिळालं होतं, विषय तिनंच निवडायचा होता. अडखळत अडखळत तिनं विचारलं, "मॅडम, त्या कारखान्यात मी जाऊ का? तुमची हरकत असेल तर नाही जाणार."

ताई खिडकीशी उभी राहिली. मला वाटलं, आता तरी नाही म्हणेल. एवढं तरी स्वतःसाठी ठेवेल. पण तिनं मुकादमाचा पत्ता सांगितला, कुठल्या दारानं आत जायचं ते सांगितलं, आणि पहिल्या दिवशी काही विचारू नकोस, नुसत्या चादरी झटकायला लाग, हेही सांगितलं. फोन ठेवून ती रडली. खूप वेळ रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

परवा पोरीनं तिथूनच फोन केला. ताई नुकतीच वाहनतळ समितीतून आली होती. काम छान चाललंय, बायका भरभरून बोलतात, असं पोर स्पीकरवर सांगत होती.

"माझी कुणी आठवण काढली का गं?" ताईनं विचारलं.

"काढली ना. सगळ्यात जुन्या मावशी आहेत, त्यांनी विचारलं, त्या आधीच्या बाई वारल्या का?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, नाही हो, मीटिंगला गेल्यात."