धुळाप्पाची टांग

जेवणाची सुट्टी झालीय. मुक्या चित्रांत धडपडून लोकांना हसवणारा शिदोजी सेटमागच्या बैलगाडीखाली मातीवरच आडवा होतो. डोळा लागतो न लागतो, तोच समोरची गिरणीची माडी डुलायला लागते.

ऊन कललं की त्याच माडीवरून त्याला गवताच्या गंजीवर उडी मारायचीय. गेल्या साली तिथूनच त्याच्या जोडीदारानं, धुळाप्पानं, मारली होती. पाय वर करून पडला, तसे सगळे खो खो हसले. कॅमेरावाला हँडल फिरवतच राहिला. बऱ्याच वेळानं कुणीतरी म्हणालं, "अरे, हा उठत का नाही?" तरी मालकांनी आज बजावलंय, उडी नाही तर कंपनीत जागा नाही. शिदोजी पडला तालमीतला गडी. भितो म्हणायची सोय नाही.

"सरक की लेका जरा." कुणीतरी गाडीखाली शिरतं. धुळाप्पाच! चिकटवलेली मिशी एका बाजूनं सुटलेली.

"तू मेलास न्हवं?"

"म्हणून काय उन्हात उभा ऱ्हाऊ व्हय?"

जन्म मुक्या चित्रांत काढला, आणि मेल्यावर या गड्याच्या तोंडाला खळ नाही!

गाडीची चाकं वर वर चढतात. दोघं माडीच्या कठड्यावर उभे असतात. खाली तंबूतलं थेटर, खचाखच माणसं. तोंडं उघडी, पोटं हलतायत, पण हसण्याचा आवाज नाही. फक्त हँडलची कर्रकर्र.

"उडी मारतोस?"

"मारायलाच पाहिजे."

"गंजी वरनं दिसती तेवढी न्हाई. गवत हातभर, खाली फरशी. मोजलंय मी, डोस्क्यानं."

"मालक बघाय लागल्यात. बाजूला हो."

"मालक नुसतं बघत्यात, शिद्या. पडतोय आपण."

शिदोजी त्याला ढकलायला जातो. धुळाप्पा वाकतो, शिदोजी त्याच्या पाठीवरून गडगडतो, उठतो, पुन्हा धावतो. पायाखाली आता आखाड्याची लाल माती, आणि ती कडेकडे सरकतेय. कर्रकर्र वाढते. शेवटचं पाऊल उचलतं...

"माफ कर गड्या," म्हणत धुळाप्पा टांग मारतो. चित्रांत सगळ्या मुलखाला हसवणारी, तीच.

शिदोजी ओरडत जागा होतो. ऊन कललंय, मालक हाका मारतायत. उभा राहायला जातो आणि मटकन बसतो. उजवा घोटा नारळाएवढा सुजलाय. बरं, मोसंब्याएवढा म्हणा, पण निळाजांभळा.

"मातीवर झोपलेल्या माणसाचा पाय मुरगळतो कसा रे?" मालक खेकसतात.

"टांग बसली, मालक."

"कुणाची?"

शिदोजी वर माडीकडं बघतो. गेल्या सालचाच कॅमेरावाला वाकून घोटा निरखतो, हलकेच बोटानं दाबून बघतो. मग कुणाला न विचारता जातो आणि कॅमेऱ्यावर काळं फडकं टाकतो.