धूमकेतूचं शेपूट

दस्तगीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंघोळीचं पाणी काढत होतो. त्याचा मुलगा इम्तियाज म्हणाला, "चाचा, अब्बा गेले." मी म्हणालो, "कुठं?" आता सत्तरी ओलांडलेल्या, दवाखान्यात पडलेल्या माणसाबद्दल असं कोण विचारतं? पण तोंडातून गेलं खरं. आदल्याच संध्याकाळी त्याला भेटून आलो होतो. नाकात नळी, आणि तोंडात तीच जुनी रड. "आख्ख्या कोल्हापुरात एकानंबी मला वळखलं न्हाई, गड्या." नर्स बिचारी मायेनं म्हणाली, "काका, मी ओळखते की तुम्हाला!" त्यावर हा गडी भिंतीकडे तोंड करून झोपला. तिची काय चूक? तो कुठल्या ओळखीबद्दल बोलतोय हे माहीत असलेला माणूस आता मी एकटाच उरलोय...

आम्ही दोघं एकाच तालमीतले. आमच्या तालमीत गणपती बसतो आणि मोहरमला पंजाही बसतो, आणि दोन्ही वेळेला मांडव घालायला तीच पोरं. दस्तगीर सकाळी जोर-बैठका मारायचा, मग दिवसभर बापाच्या टेलरिंगच्या दुकानात काजं करायचा, आणि संध्याकाळी आम्ही एसटी स्टँडसमोरच्या पुस्तकाच्या टपरीवर. तिथं हिंदीतली चित्रांची पुस्तकं यायची, त्यात 'कॅप्टन धूमकेतू' नावाचा एक हिरो होता. अंगभर नारिंगी चुस्त कपडे, त्यावर लाल चड्डी, डोळ्यांवर पट्टी, आणि आकाशातून उडताना मागं आगीचं लांबलचक शेपूट. दिवसा तो औषधाच्या दुकानात पुड्या बांधायचा. तोच धूमकेतू आहे हे ज्याला कळेल त्यानं जन्मभर तोंड उघडायचं नाही, हा त्या गोष्टींतला कायदा. आम्ही दोघांनीही तालमीच्या मातीवर हात ठेवून तो पाळायची शपथ घेतली होती. कुणाचं गुपित पाळायचं होतं देव जाणे!

दस्तगीर ती पुस्तकं मोठ्यानं वाचायचा, आणि आमचं हिंदी यथातथाच असल्यामुळे वाचता वाचता कोल्हापुरी करायचा. मग परग्रहावरचा राक्षस म्हणायचा, "ये की खाली, बघतोच तुला!" आणि धूमकेतू वरून म्हणायचा, "थांब लेका, आलोच." मधेच वाचणं थांबवून तो चित्राला बोट लावायचा. "ह्येच्या बगलंत शिवण कुठं हाय दाव. हात वर केला की उसवणार बघ." हिरो वाचेल की मरेल याच्या काळजीत आम्ही, आणि हा बगलेत अडकलेला! पण त्याचं प्रेम असंच होतं. धूमकेतूला कापड कमी पडलेलं त्याला सोसायचं नाही.

सत्तरचं दशक मध्यावर आलं होतं. त्या वर्षी गणपतीत सजीव देखावा कसला करायचा यावर तालमीत बैठक बसली, आणि दस्तगीर उठून म्हणाला, "धूमकेतू." आमच्या वस्तादांनी पुस्तक मागून घेतलं, चष्म्याशिवाय लांब धरून बघितलं, आणि एकच विचारलं, "ह्यो लंगोट भाइरनं का घालतोय?" झालं! त्यावर आठवडाभर रण माजलं. वस्ताद म्हणायचे लंगोट आतनं घालत्यात, ह्यात बदल न्हाई. दस्तगीर म्हणायचा, वस्ताद, लांबनं पैलवान वळखू यायला नको व्हय? शेवटी हे वस्तादांना पटलं. पटलं म्हणजे असं पटलं, की त्यांनी पेटीतला स्वतःचा लाल लंगोट काढून त्याच्या हातात दिला.

दस्तगीरनं जीव ओतून पोशाख शिवला. बगलेत डबल शिलाई. लाल साटिनचं, आत कापूस भरलेलं, पुरुषभर लांबीचं शेपूट. तेलाच्या डब्यांचा हिरवा राक्षस खाली उभा केला आणि विहिरीच्या कप्पीवरून दोर टाकून, पोटाला पट्टा बांधून दस्तगीरला वर टांगला. दोराचं टोक माझ्याकडं. पडदा उघडायच्या आधी तो वरून म्हणाला, "गड्या, आज कोल्हापूर बघंल धूमकेतू काय असतोय."

पडदा उघडला. कोल्हापूरनं बघितलं. नारिंगी अंग, लाल लंगोट, मागं शेपूट, आणि गडी हवेत. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं चपला काढल्या आणि हात जोडून आरोळी ठोकली, "बजरंगबली की..." पुढचं सगळ्या गल्लीनं म्हटलं. घटकाभरात नारळ आले, रुईच्या पानांच्या माळा आल्या, तेलाच्या वाट्या आल्या. 'कॅप्टन धूमकेतू' लिहिलेली पाटी पहिल्या दोन हारांखालीच गाडली गेली. दस्तगीर वरून दात ओठ खात म्हणतोय, "सांग की त्यास्नी!" मी म्हणतोय, "तूच सांग, माझ्या हातात दोर हाय!" शेवटी न राहवून तो ओरडला, "मी धूमकेतू हाय!" आणि गर्दीत एकच कल्लोळ... "बोलला! मारुती बोलला!" दुसऱ्या दिवशी कागल आणि हातकणंगल्याकडनं माणसं आली. वस्ताद त्याला म्हणाले, "आता गप ऱ्हायाचं. लोकांची श्रद्धा हाय." मग त्या बिचाऱ्यानं उजवा हात आशीर्वादाला उचलला, तो विसर्जनापर्यंत खाली घेतला नाही. वर आम्हाला उत्कृष्ट पौराणिक देखाव्याची ढाल मिळाली. तालमीत त्या ढालीखालून जाताना दस्तगीर कायम मान वळवून जायचा.

पुढं दुकान त्याचं झालं, लग्न झालं, पोरं झाली. टीव्ही आले, त्यात उडणारे हिरो आले. गल्लीतली पोरं त्यांची नावं घेऊन उड्या मारायची, आणि हा मशीनवरून पुटपुटायचा, "ह्येस्नी सगळी वळखत्यात." आम्ही हसायचो. तोही हसायचा, पण अर्धंच. त्याला टाळ्या नको होत्या हो. एका तरी माणसानं वर बघून 'अरे, हा धूमकेतू!' म्हणावं, एवढंच मागणं होतं, आणि ते घेऊनच तो गेला, याचं मला फार वाईट वाटत होतं.

त्याच्या चाळिसाव्याला हिराआक्का आली. मंडईत भाजी विकायची, ब्लाऊज कायम दस्तगीरकडूनच. आता कमरेत वाकलीय. माझ्याशेजारी टेकली आणि म्हणाली, "टेलरभाऊंच्या धूमकेतूला मी नारळ दिलता, भाऊ."

मी म्हणालो, "मारुतीला म्हणा, आक्का."

"मारुतीला कशाला? त्येला शनिवारी घालते की तेल. माझं पोरगं, शिवा, तवा तापानं फणफणलं हुतं. उशाशी त्येची ती पुस्तकं. म्हनलं, आई, तालमीत धूमकेतू आलाय म्हणं, त्येला माझं नाव सांग. मी आले, वर बघितलं, पट्टी, शेपूट... पुस्तकातल्यावानी. नाव सांगून आले. ताप उतरला पोराचा. आता जयसिंगपुरात असतंय, नातवंडं खेळवतंय."

मी तिच्याकडं वळलो. "आक्का, अहो, मग टेलरला एवढ्या वर्षांत सांगितलं का नाही?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की खुळा मीच. "आसं कसं सांगीन? वळखलं तरी बोलायचं न्हाई, आसा नेम असतोय न्हवं त्येचा? शिवानं शपथ घातलेली मला."

मला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं, माणसं बघायला लागली. दस्त्या, लेका, एक माणूस होतं रे! दर सणाला तुझ्यासमोर उभं राहून माप देत होतं, आणि तुझाच कायदा पाळत होतं...

तिथून उठून दुकानात गेलो. इम्तियाज मशीनवर होता. मशीनशेजारी खिळ्याला ते लाल शेपूट लोंबतंय, रंग पार विटलेला. दस्तगीरनं त्याची टाचण्या टोचायची गादी केली होती. सुया, टाचण्या, मधेच एखादी सेफ्टी पिन. मी त्या शेपटापुढं उभा राहून आक्कानं सांगितलेलं सगळं मोठ्यानं सांगितलं, कुणी वेडा म्हणालं तर म्हणू दे. ऐकता ऐकता इम्तियाजनं ओठातली टाचणी काढली आणि सवयीनं शेपटाकडं हात नेला.

"थांब," मी म्हणालो. "आजच्या दिवस त्याला टोचू नगंस."