चेंडूचा आवाज खाली जातो

मुलाने मला न भुंकणारा कुत्रा पाठवला. जात बसेंजी, मूळची आफ्रिकेतली, आपल्याकडे औषधालाही सापडायची नाही. मुलाच्या ऑफिसातले एक साहेब परदेशी निघाले होते, त्यांचा हा चार वर्षांचा झालेला घोडा माझ्या गळ्यात पडला. मुलगा बंगळुरूहून फोनवर म्हणाला, आई, तुला सोबत होईल आणि सोसायटीत कोणाला त्रासही नाही. आता त्याला काय सांगू, की बाबा, इथे कुणाचा त्रास नाही हाच मला त्रास आहे!

नायगावच्या चाळीत माझा जन्म गेला. दूध उतू गेलं की तिसऱ्या खोलीतून हाक यायची. आता तिथेच टॉवर झालाय, मला चौदावा मजला मिळालाय. घर छान आहे, खोटं कशाला बोलू? पण घरांच्या लॉटरीत जुने शेजारी कुठल्या कुठल्या मजल्यांवर पांगले, आणि दार लावलं की घर खायला उठतं. नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली, पण चाळीत त्याचं नसणं एवढं कधी अंगावर आलं नव्हतं.

त्यात हे ध्यान. वेटोळी शेपटी, कपाळाला आठ्या, दिसायला थेट आपला गावठी. वॉचमनने पहिल्याच दिवशी त्याला काठी दाखवली. एका रविवारी शिवाजी पार्कात नेला, तर फिरायला आलेल्या एका बाईंनी माझं तोंड भरून कौतुक केलं, रस्त्यावरचं जनावर सांभाळता म्हणून. ही दुर्मिळ जात आहे, असं मी म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला.

घरात मात्र त्याला करमायचं नाही. मुलाने खेळणी पाठवली होती, दाबली की पीं पीं वाजणारी, कापूस भरलेली. याने एका दुपारीच सगळ्यांची चिरफाड केली. मग मी फुटपाथवरून एक टणक रबरी चेंडू आणला. तो त्याला भलताच आवडला. तोंडात धरायचा, मान वर करायची आणि लादीवर सोडायचा. जेवणं झाली की टप्प, टप्प सुरू.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी इंटरकॉम वाजला. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ होते. मॅडम, दुपारचं चेंडू कोण खेळतंय, म्हणून त्यांनी दरडावलं. मी म्हटलं कुत्रा. त्यांचा विश्वास बसेना, कारण भुंकणं कधी ऐकलं नव्हतं. भुंकत नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग कुत्रा कसला तो?"

मी फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले. कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्यावर ओरडलं होतं.

मग ते दिवसाआड ओरडू लागले. ओरडणं आटोपलं की इतर बोलणं निघायचं. पोलिसातून रिटायर झालेले, बायको गेलेली, मुलगी वडाळ्याला. गुडघा धरतो. आज वास आला, बांगडे तळले का? असं करत करत मॅडमची वहिनी झाले. पण चेहरा मी कधी पाहिला नाही. एक मजला हो फक्त! चाळीत असते तर वाटीभर कालवण घेऊन कधीच गेले असते. तिथे दारं उघडीच असायची, जायला कारण लागायचं नाही. इथे बंद दारापुढे बेल दाबून उभं राहायचं आणि म्हणायचं काय?

एके दिवशी त्यांचा आवाज अगदी उतरलेला वाटला. म्हणाले, "वहिनी, आज डोकं फार दुखतंय हो." ओरडलेसुद्धा नाहीत. तशीच उठून दादरला प्राण्यांच्या दुकानात गेले. तिथल्या मुलीने समजावलं, की मोठ्या कुत्र्याचा जबडा दांडगा असतो, पिल्लांची खेळणी त्याला पुरत नाहीत आणि तुकडे पोटात जायची भीती. त्याला जाड रबराचं, घशात जाणार नाही एवढं मोठं काहीतरी द्यायचं. तिने आतून पोकळ असलेलं एक खेळणं दिलं. त्यात भात आणि उकडलेलं चिकन ठासायचं, मग तो ते काढत बसतो, डोकंही चालतं आणि आवाजही नाही.

खरंच आवाज नाही. चेंडू मी कपाटावर ठेवून दिला. दुपारभर आमचं ध्यान चाटत पडलेलं, आणि मी माझ्या शहाणपणावर खूश. वाटलं, आज आभार मानायला फोन येईल. नाही आला. उद्या येईल म्हटलं. तेव्हाही नाही. मग मीही रुसले. बाईमाणसाने आपणहून फोन का करायचा? देव देतो आणि कर्म नेतं, दुसरं काय.

शेवटी महिन्याभराने कपाटावरचा चेंडू काढला. कुत्रा ढुंकून बघेना, त्याला आता त्याचं रबर प्यारं. "मेल्या, खेळ की," म्हटलं, तर आठ्या घालून बघत बसला. मग मीच आपटला. सासू झालेली बाई मी, दुपारभर लादीवर चेंडू आपटत होते. इंटरकॉम वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही आपटला. संध्याकाळी लाज सोडून मीच खाली फोन लावला आणि विचारलं, कुत्र्याच्या चेंडूचा त्रास होतो का?

एका तरुण मुलीचा आवाज आला. ती आणि तिची मैत्रीण तिथे भाड्याने आल्या होत्या. काकांची तब्येत बरी नसते, त्यांच्या मुलीने त्यांना कायमचं आपल्याकडे नेलं. मग तीच नवलाने म्हणाली, "पण वर कोणी असतं होय? काका म्हणाले होते, वरच्या वहिनी मुलाकडे गेल्या बहुतेक, हल्ली आवाजच येत नाही."

असते हो, इथेच असते, मी म्हटलं. तिला वाटलं मी संकोचले. म्हणाली, खेळू द्या हो आजी त्याला, आम्ही दिवसभर घरी नसतोच.

रात्री जेवताना मुलाचा फोन आला. नेहमीप्रमाणे विचारलं, कुत्र्याचा कोणाला त्रास नाही ना?

"नाही रे," मी म्हटलं, "आता कोणालाच नाही."