एकोणनव्वद

त्या मे महिन्यात मी वेगावर लिहीत होते. युनिव्हर्सिटीचं काम अजून ऑनलाइनच होतं, त्यामुळे पेंडल हिलच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावरच माझा प्रबंध पसरलेला असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसांना वेगाचं वेड कसं लागलं, हा विषय. स्क्रीनवर जुन्या वर्तमानपत्रांची पानं: सायकलच्या शर्यती, पोहणारे, धावणारे, मोटारी पिटाळल्याबद्दल कोर्टात उभे केलेले बडे लोक आणि कोंबड्या चिरडल्या म्हणून संपादकांना लिहिणारे चिडके वाचक. कोण जिंकलं एवढ्यावर आता कुणाचं भागत नव्हतं, किती सेकंदांत जिंकलं तेही हवं होतं. घड्याळं सेकंदाचा पाचवा हिस्सा मोजायची आणि त्या पाचव्या हिश्श्यासाठी मोठी माणसं मैदानात हमरीतुमरीवर यायची. मला या लोकांची गंमत वाटायची.

आई मायदेशी, नागपूरला एकटी राहायची. मी फोनवर हे सगळं सांगितलं की म्हणायची, "इतकं शिकून हेच शोधलं का तू? हायवेवर पाटी लावली आहे ना, अती घाई संकटात नेई."

तिकडे साथीची दुसरी लाट आली आणि आईला ताप आला. तिकडची विमानं बंद, देशाबाहेर पडायलाही परवानगी हवी. मी ज्या काळावर लिहीत होते त्या काळात बोटीला आठवडे लागत, पण बोट सुटत तरी होती. मग ठरलं असं: रोज तिच्या सकाळी, म्हणजे माझ्या दुपारी, आईनं बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा मला कळवायचा. तो चौऱ्याण्णवच्या खाली गेला की मी तिच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना फोन करायचा आणि त्या तिला गाडीतून दवाखान्यात नेणार. स्वतःहून काकूंचं दार वाजवायला आई तयारच नव्हती, लोकांना त्रास नको म्हणून. त्या आकड्याची मला इतकी भीती बसली की दुपार झाली की मी काकूंचा नंबर आधीच काढून ठेवायचे.

त्या दिवशी फोन वाजला तेव्हा मी माझ्या गाइडबरोबर ऑनलाइन मीटिंगमध्ये होते. आठ वर्षांच्या लेकीनं तो उचलला. दोन मिनिटांनी तिनं माझ्यासमोर पिवळी चिठ्ठी चिकटवली. आजी 99.

बरं वाटून मला रडूच आलं. "ऑल गुड?" गाइडनं विचारलं. "ऑल गुड," मी म्हटलं. पुढचे तीन तास मी मान वर न करता लिहिलं. इतकं भरभर त्या वर्षात कधी सुचलं नव्हतं.

संध्याकाळी सहज आईला फोन लावला. ती नेहमी आधी जय भीम म्हणते, मग बाकीचं. त्या दिवशी म्हणाली नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. मग एकेक शब्द तोडत म्हणाली, "सांगितलं ना मी पोरीला. एकोणनव्वद. तुझ्या फोनची वाट पाहून राहिली मी."

मी काकूंना फोन लावला. त्या लगेच वर गेल्या. मग मी लेकीकडे वळले. "नाइंटी-नाइन का लिहिलंस तू?" माझा आवाज चढला होता.

ती घाबरून म्हणाली, "एकोण मीन्स नाइन ॲट द एन्ड. यू सेड सो, आई. अँड नव्वद इज नाइंटी."

खरंच, मीच सांगितलं होतं. ब्लॅकटाउनच्या रविवारच्या मराठी वर्गाला उशीर होत होता, तेव्हा गाडी चालवता चालवता मी तिला युक्ती दिली: एकोण आलं की शेवटी नऊ. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, झटपट घोकून घेतलं. एकोण म्हणजे पुढच्या दशकातून एक कमी, हे समजवायला आणखी दोन मिनिटं लागली असती. तेवढी माझ्याकडे नव्हती.

पहिल्या दवाखान्यात काकूंना सांगण्यात आलं, दुपारी बारापर्यंत एक खाट होती. तिसऱ्या दवाखान्यात जागा मिळाली. पाचव्या दिवशी आई गेली.

डॉक्टर म्हणाले, तीन तासांनी फारसा फरक पडला नसता. नातेवाईकही तेच म्हणतात आणि मी मान डोलावते. पण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यानंही शर्यत जाते, हे मीच पानंच्या पानं भरून लिहिलं आहे. आता मला त्या घड्याळवाल्या माणसांची गंमत वाटत नाही.

लेकीला मी काही सांगितलेलं नाही. आजी तापानं गेली, एवढंच तिला माहीत आहे. त्या दिवशी मी का ओरडले ते ती विसरली असेल, अशी माझी वेडी आशा. आकड्यांची उजळणी आता मी सावकाश घेते आणि अठ्ठ्याऐंशी आलं की म्हणते, आज एवढं पुरे. त्याच्या पुढे जायची मला भीती वाटते.

परवा मी थांबले तरी ती थांबली नाही. वर्गात शिकवलं असावं. "एकोणनव्वद," ती म्हणाली आणि बोटांवर एक कमी करून पाहिला. मग पुन्हा पाहिला. "आई, दॅट्स एटी-नाइन."

मी हो म्हटलं.

नव्वद काही ती म्हणाली नाही.