खाऱ्या पाण्यातले वाल

शुद्धलेखनाच्या चुका आधीच माफ करा. माझी शाळा नववीत सुटली, शब्दही साधेच येतात. पण आमच्या गाळ्यात रोज काहीतरी घडतं आणि कोणाला सांगितलं नाही तर पोटात साठत जातं!

वागळे इस्टेटमध्ये आम्ही तिघं. केळकर मॅडम मालकीण, पॅकिंगला हिराबाई मावशी आणि पडेल ते काम करणारा मी. आम्ही काळ्या भुकटीत मिसळून पाकिटात जिवाणू भरतो. पेरायच्या आधी ते गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचे. मग ते मुळांवर गाठी करतात आणि हवेतला नत्र पिकाला पुरवतात. मॅडमचे नवे जिवाणू खाऱ्या जमिनीतही तगतात, पण दुकानदार पाकीट ठेवेनात. कल्याणचे एक बियाणेवाले शेठ म्हणाले, "गाठी डोळ्यांनी दाखवा, मग ठेवतो." नाहीतर दिवाळीनंतर गाळा बंद, हे मॅडमनी सांगूनच टाकलेलं.

*

जिवाणूंना एसी, आम्हाला पंखा! उन्हाळ्यात मावशी सारखी थंड खोलीत. मॅडमनी पकडलं, तर म्हणते, "पोरं झोपली का बघत व्हते."

"मग तुम्ही का झोपलात?"

"पोरांना झोपवताना आयशीचा बी डोला लागतो!"

*

एकदा पाकिटं घेऊन कल्याणहून विठ्ठलवाडीला निघालो. शेअर रिक्षा. मांडीवर खोका, त्यावर ओलं फडकं.

रिक्षावाला म्हणाला, "क्या है, मच्छी?"

मला खोटं बोलता येत नाही. "जिवाणू. जिवंत आहेत."

"कितने?"

"करोडो असतील."

त्याने रिक्षाच थांबवली. "उतर! तीन सीट का परमिट है!"

*

डोंबिवलीच्या एका काकांनी बाल्कनीत मूग लावायला पाकीट नेलेलं. आठवड्याने फोन. "अहो, मोडांना चोळलं. उसळ काळी झाली. खायची का?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "खा. पण आता ते उगवणार नाहीत."

*

आता शेठ आले त्या दिवसाचं. गच्चीत दोन कुंड्यांत वाल लावलेले, दोन्हींना मिठाचं पाणी. बिनजिवाणूंचे पिवळे पडले, आमचे हिरवेगार! मॅडमनी सकाळी आमचं एक झाड उपटलं आणि मावशीला म्हणाल्या, "मुळं स्वच्छ करून ठेवा."

शेठ आले. झाड उलटं धरलं. मुळं अगदी गुळगुळीत!

"गाठी कुठेत?"

मी मावशीकडे बघितलं.

"आरं बाला, कीड लागलेली ना! येकयेक खुडून काढली."

शेठ जिन्याकडे वळले. तेवढ्यात मावशीने स्टीलची वाटी पुढे केली. सगळ्या गाठी त्यात! शेठनी एक नखाने फोडली. आत लालसर गुलाबी, जिवंत गाठ असते तशी.

"अहो, पण वाटीत कशाला?"

मावशीला आता सगळं कळलेलं. तरी पापणी हलली नाही.

"शेट, सोललेल्या वालाला भाव जास्त येतो. तुमच्यासाठी सोलून ठेवल्या!"

शेठ पायरीवर बसून हसले. उठताना म्हणाले, "माल पाठवा. पण या बाईंना झाडांपासून लांब ठेवा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवे वाल लावले, मिठाचं पाणी घातलं, गच्चीला कुलूप लावलं आणि किल्ली नेहमीच्या जागी ठेवायला दिली. मावशीकडे.