अक्कांचं डांगर

अक्का गेल्याचा निरोप मला म्हसावदला, बहिणीच्या घरी, कापूस घेऊन आलेल्या गाडीवाल्यानं दिला. साध्या दुखण्यानं गेल्या म्हणे. मला खरंच वाटेना. तापीच्या पाण्यालाही जी बाई आवरली नव्हती, ती अशी अंथरुणात जाते म्हणजे काय! गाडीत बसले आणि घर येईस्तोवर रडले.

अक्का माझ्या थोरल्या नणंद. लहान वयातच कपाळ पांढरं झालं आणि त्या माहेरी परत आल्या. आमची अर्धी शेती नदीपलीकडे, ती सगळी त्याच बघत. जाणं-येणं एका खोडात कोरलेल्या अरुंद होडीतून. ती होडी म्हणजे मुलखाची द्वाड, जरा कुठं बूड हललं की पालथी! माझं लग्न झालं त्याच वर्षी अक्कांच्या मनानं घेतलं, उलटलेली होडी सुलटी करायला शिकायचीच.

आमच्या धना नावाड्यानं त्यांना सगळे डाव करून दाखवले. एकात होडीत गुडघे रोवून बसायचं, होडीसकट पाण्याखाली जायचं आणि वल्ह्याच्या एका फटक्यात बसल्या बसल्या वर यायचं. काठावरची माणसं तोंडात बोट घालायची. दुसऱ्यात खाली बुडी मारून खांद्यानं होडी उलथायची, ते पैलवानाचं काम. तिसरा अगदीच बेंगरूळ. बाहेरून पालथ्या होडीवर पोटानं चढायचं, पलीकडची कड धरायची आणि सगळं अंग मागं झोकून द्यायचं. बेडूकच दिसतो माणूस! अक्कांनी नेमका तोच निवडला. धनानं पहिल्याचा फार आग्रह केला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “त्यामा मी एकलीच वर येसू. मन्हासंगे बठेल मानसं कोठे जातीन?”

तिसऱ्यात कसं, बाकीच्यांना होडी धरून राहता येतं. पण अक्कांचं एवढ्यावर भागेना. घरातलं एक डांगर, म्हणजे लाल भोपळा, आणून त्या डाव्या काखेत धरायच्या आणि एकाच हातानं होडी सुलटी करायला बघायच्या. डांगर बुळबुळीत, सैल धरलं की वाहून जायचं, आवळलं की निसटायचं. गाव हसून हसून बेजार... मीही हसले. डांगर कशाला म्हणून विचारलं, तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, “घरमा आज ना उद्या पोर येईच ना.” मी लाजून आत पळाले. अजून दिवससुद्धा गेले नव्हते मला.

पुढं भगवान झाला. तो मांडीवरचा असताना, आश्विनात, आम्ही तिघं पलीकडून परत येत होतो. पाण्याला ओढ होती. वाहत आलेलं एक झाड होडीला आदळलं आणि आम्ही पाण्यात. मला पोहता येत नाही. हाताला अक्का लागल्या, त्यांनाच मिठी मारली. कानाशी त्यांचा आवाज आला, अगदी शांत. “मन्हा हात सोड, नावले धर. पोऱ्या मन्हापाशी शे.”

मी हात सोडला. आई असून मी तेव्हा त्यांचा हात कसा सोडला, मला आजही सांगता येत नाही. डाव्या काखेत भगवान, उजव्या हातात होडीची कड, आणि अक्कांनी अंग मागं टाकलं. एकदा हुकलं. भगवान रडत होता, म्हणजे होता! दुसऱ्यांदा होडी वळली. हेलकावे देऊन त्यांनी पाणी सांडलं, भगवानला आत ठेवलं, मग मला ओढून घेतलं. काठावर मी पायाच पडले. त्या मात्र ओला पदर पिळत म्हणाल्या, डांगर याच्याहून अवघड होतं.

त्या दिवसानंतर आमच्या गोठ्याच्या छपरावर डांगराचा वेल कधी चुकला नाही. एक डांगर त्या वेगळं ठेवायच्या, दर पावसाळ्याआधी तेच घेऊन नदीवर जायच्या. देवासमोर हात जोडताना मला जे वाटतं, तेच त्यांना जाताना बघून वाटायचं.

परवा सून ते वेगळं ठेवलेलं डांगर चिरायला घेऊन बसली. तिला सहावा महिना लागलाय. मी ते तिच्या हातून काढून घेतलं, म्हटलं, होडी सुलटी करायला आता मी शिकणार... या वयात कसली शिकणार म्हणून ती हसली. तिला हसू दिलं आणि डांगर काखेत मारून मी धनाच्या घराकडे निघाले.